शेवटच्या अक्षरावर जोर

"तोर्नो," कार्मेलोकाका म्हणाले आणि इंदूकाकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. माझा कप माझ्यापुढे सरकवला, काकांचा चहा बशीत ओतून निवायला ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंस? दिवसभर हेच चाललंय. दुसरा शब्द नाही तोंडात."

मी मान हलवली. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता. इचलकरंजीत ही खडखड इतकी अंगवळणी पडलेली असते की माणसं तिच्या वरच्या पट्टीत बोलतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. काका मात्र हळू बोलले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसले होते, उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा थोपटला, पुन्हा एकदा "तोर्नो" म्हणाले आणि बशीकडे बघू लागले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा स्पीच थेरपीचं शिक्षण संपवून कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात नुकती लागले होते. मेंदूला झटका येऊन वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. जे दवाखान्यात येऊ शकत नसत त्यांच्याकडे आम्ही घरी जात असू. इचलकरंजीचं हे घर माझ्या वाट्याला आलं, कारण मी नवी होते आणि एसटीच्या प्रवासाला कंटाळत नव्हते.

कार्मेलो फाराची मूळचे सिसिलीचे. तरुणपणी पोटासाठी उत्तर इटलीत गेले आणि तिथल्या माग बनवणाऱ्या कारखान्यात मेकॅनिक झाले. इंदूकाकूंच्या थोरल्या भावानं, बाळासाहेब उरण्यांनी, इचलकरंजीत बिनधोट्याचे, म्हणजे शटल नसलेले, माग आणले तेव्हा ते बसवून द्यायला कंपनीनं त्यांना पाठवलं. काम तीन महिन्यांचं होतं. पुढच्या वर्षी ते दुरुस्तीसाठी आले. त्याच्या पुढच्या वर्षी कुठलाच माग बिघडला नव्हता, तरी आले. उरण्यांच्या घरात त्यावरून पुष्कळ रणकंदन झालं म्हणतात, पण शेवटी लग्न झालं. काका इथलेच झाले. मागाचा नुसता आवाज ऐकून कुठला दाता झिजलाय ते सांगायचे. कामगारांनी त्यांचं नाव कमलराव करून टाकलं होतं. त्यांचं मराठी अस्सल इथलं होतं, शिव्यांसकट. इंदूकाकूंना मात्र इटालियन कधी शिकावं लागलं नाही. "हेच इतकं बोलायचे आमच्या भाषेत," त्या मला म्हणाल्या होत्या, "मला कशाला लागतंय?"

आणि मग झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि काही आठवड्यांनी जो एक शब्द परत आला तो मराठी नव्हता.

दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसांचं असं होतं. कधी नंतर शिकलेली भाषा आधी परतते, कधी लहानपणची. मी काकूंना ते समजावलं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कळला होता.

अर्थ सांगितला होता त्यांच्या मुलीनं. लीना बंगळूरला नोकरी करायची. लहानपणी दोन-तीनदा सुट्टीत ती आत्याकडे सिसिलीला गेली होती, त्यामुळे तिला थोडंफार इटालियन यायचं. फोनवर तिनं काकांचा शब्द दोनदा ऐकून घेतला. मग म्हणाली, आई, तोर्नो म्हणजे मी परत जातो.

तेव्हापासून घराचा नूरच बदलला होता. लीनानं आत्याशी बोलणं केलं. आत्या अगाता विधवा, मोठ्या घरात एकटी राहणारी. तिनं रडत रडत सांगितलं की माझ्या भावाला माझ्याकडे आणा, मी त्याचं सगळं करीन. लीनानं दोघांची तिकिटं काढली, सुट्टी टाकली. दिवाळी झाली की ती येणार होती आणि वडिलांना घेऊन जाणार होती.

"आणि तुम्ही काकू?" मी विचारलं.

त्या बशी हातात घेऊन काकांना चहा पाजत होत्या. "आपण बाहेर पडताना 'येतो' म्हणतो ना, तसलाच हा शब्द दिसतोय. निघायच्या वेळचा," त्या म्हणाल्या. "त्यात 'आपण' नाही गं. मी लीनाला विचारलं, तर ती म्हणाली, आपण जाऊ म्हणायला वेगळं रूप आहे. हे एकट्याचं आहे. जन्म काढला इथं, आता त्यांना त्यांच्या माणसांत जावंसं वाटतंय. मी कशाला आडवी येऊ?"

मी विचारलं, की तुम्ही मराठीतून त्यांना सरळ विचारून पाहिलंत का. विचारलं होतं. इटलीला जायचं का, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली होती. मग इथंच राहायचं का, म्हटल्यावरही तशीच डोलावली होती. या आजारात हेही होतं. हो आणि नाही यांची गल्लत होते, मान विश्वासाची राहत नाही. राहिला तो एक शब्द. सगळ्यांनी तोच खरा धरला.

मीही धरला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी ठरवलं, की ज्या भाषेत हे जाणार आहेत त्या भाषेतली चार वाक्यं त्यांना इथूनच यावीत. पाणी हवं, दुखतंय, थांब, पुरे. तालावर बोलायला शिकवण्याची एक पद्धत आम्ही वापरतो. रुग्णाचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा, शब्दाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला हातानं एक ठोका द्यायचा. ज्या तुकड्यावर जोर तिथे आवाज जरा चढवायचा. बोलण्याची वाट बंद झालेली असली तरी गाण्याची उघडी असते, त्या वाटेनं शब्द बाहेर काढायचे. मराठी शब्दांवर मी ते करून पाहिलं होतं. पाणी, चहा, इंदू. काका ठोके बरोबर द्यायचे, ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही.

इटालियनसाठी मला शब्दांचे तुकडे कुठे पडतात आणि जोर कुठे जातो ते कळायला हवं होतं. माझ्या कॉलेजच्या बाईंनी मला पुण्यातल्या पेरीन दस्तूर यांचा नंबर दिला. या बाई घरी इटालियन शिकवायच्या. वय झालेलं, आवाज खणखणीत, आणि फोनवर बोलताना मध्येच कुत्र्याला दटावायच्या. मी का शिकतेय हे ऐकल्यावर म्हणाल्या, फी वगैरे काढू नकोस, संध्याकाळी फोन कर.

त्यांनी मला पहिल्या संध्याकाळी व्याकरण शिकवलंच नाही, टेबल वाजवायला लावलं. शब्दात दोन व्यंजनं शेजारी आली की बहुतेकदा मधून चिरायची. तोर् एक, नो दोन. आपण मराठी माणसं तो-र्नो असं तोडू, तसं नाही. र मागच्याला चिकटतो. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. पण क्रियापदांचं भलतंच असतं, त्या म्हणाल्या. 'ते राहतात' म्हणायचं तर आबितानो, आणि जोर एकदम मागे पळून आ वर जातो. 'ते फोन करतात' म्हणायला तेलेफोनानो, त्यात जोर ले वर, म्हणजे शेवटून चौथा. इंग्रजी शिकलेली मुलं तिथे हमखास अडखळतात.

मला ते ऐकून गंमत वाटली. मराठीत आपण जोर कुठेही दिला तरी शब्द तोच राहतो. रागावलो तर एका अक्षरावर देतो, लाडात आलो तर दुसऱ्यावर. अर्थाला धक्का लागत नाही. इथे प्रत्येक रूपात एक जागा ठरलेली होती.

पुढच्या खेपेला मी काकांचा डावा हात हातात घेतला आणि त्यांच्याच शब्दापासून सुरुवात केली. तोर्-नो. पहिल्यावर जोर, दुसरा हलका. काकांनी ऐकलं. मग माझा हात धरून त्यांनी स्वतः ठोके दिले. पहिला हलका, दुसरा जड. मी पुन्हा दाखवलं, पहिला जड. त्यांनी पुन्हा उलटं केलं. मला वाटलं, हाताचा अंदाज चुकतोय, आजारात तालही बिघडतो कधी कधी. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरून पहिला ठोका मुद्दाम जोरात आपटला, तेव्हा त्यांनी हात हिसडून काढून घेतला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

काका कधी चिडत नसत. जेवण सांडलं, चड्डी ओली झाली, तरी हसण्यावारी न्यायचे. एका ठोक्यावरून ते चिडले याचं मला नवल वाटलं.

तेवढ्यात इंदूकाकू खोबरं घालून केलेले पोहे घेऊन आल्या. काकांनी मान वळवली आणि म्हणाले, "तोर्नो." मी फोनवर ते टिपून घेतलं. काकूंनी पोह्यांची ताटली माझ्या हातात दिली आणि काकांकडे न बघता आत गेल्या.

संध्याकाळी कोल्हापूरला परतताना एसटीतूनच मी तो आवाज दस्तूरबाईंना पाठवला. वर लिहिलं, की रुग्णाचा जोर चुकीच्या जागी पडतोय, दुरुस्त कसा करू. घरी पोचते तोवर त्यांचा फोन आला.

"चुकीचा कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "जोर शेवटच्या तुकड्यावर आहे. नो आखूड आणि ठोस आहे, पाटीवर खडू टेकवल्यासारखा. हा माणूस तोर्नो म्हणतच नाहीये."

मला कळेना. त्या समजावू लागल्या. पहिल्या तुकड्यावर जोर असेल तर अर्थ 'मी परत जातो, परत येतो'. तोच जोर शेवटच्या तुकड्यावर सरकला की अर्थ 'परत आला'. अक्षरं तीच, फक्त वजन हलतं. तेवढ्यानं 'मी' जाऊन तिसरं माणूस येतं आणि आजची गोष्ट झालेली गोष्ट होते. लिहिताना तिथे शेवटच्या ओ वर एक तिरकी रेघ देतात, बोलताना ती रेघ आवाजात ठेवायची.

"पण एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "हे रूप बोलण्यात कुणी वापरत नाही. पुस्तकात असतं, राजेरजवाड्यांच्या गोष्टीत असतं. आजारी माणूस घरात बसून असं का बोलेल? मी मिलानला शिकले, तिथे कुणाच्या तोंडी हे ऐकलं नाही. कुठला म्हणालीस तो?"

मी सिसिली म्हटलं. त्यांनी आधी कुत्र्याला दटावलं. मग त्या हसल्या.

"मग बरोबर आहे. तिकडे दोन मिनिटांपूर्वी झालेलंही याच रूपात सांगतात. दूधवाला आला, पाऊस थांबला, सगळं असंच. म्हातारा आपल्या गावचं बोलतोय."

"म्हणजे कुणीतरी परत आलं असं सांगतायत ते. पण कोण आलं?"

"ते क्रियापद सांगत नाही, बाळा. आला किंवा आली, दोन्हीला एकच. ते तुला तिथे बसूनच बघावं लागेल."

मी काकूंना लगेच फोन केला नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं अर्धंच होतं. एखादं जुनं दुःख आठवत असेल, लढाईवरून परतलेला बाप, काहीही असेल. आधी बघायचं ठरवलं.

त्या खेपेला मी पोचले तेव्हा इंदूकाकू चपला घालूनच उभ्या होत्या. रोज दुपारी त्या भावाच्या कारखान्यात कापड तपासायला जात. काका आजारी पडल्यापासून जाणं कमी झालं होतं, पण मी असले की तेवढ्या वेळात उरकून यायच्या. काकांच्या खांद्याला हात लावून त्या "येतो हं" म्हणाल्या आणि गेल्या. आमच्या भागात बायकाही 'येतो, जातो' असंच बोलतात.

मी काकांसमोर बसले. आम्ही चित्रांची कार्डं लावली, ओठांचे व्यायाम केले. मी वाट बघत होते. दिवसभर हेच चाललंय, असं काकू म्हणाल्या होत्या ना. पण काका गप्प. मी त्यांना खिडकीतून कावळा दाखवला, लीनाचा फोटो दाखवला, सिसिलीतल्या घराचा फोटो पुढे केला. त्यांनी तो बघितला, त्यात दारात उभ्या असलेल्या बहिणीच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. शब्द आला नाही.

इतक्यात वीज गेली. भारनियमनाचा वार होता. शेजारचे माग एकेक करत थांबले आणि सगळ्या गल्लीवर अशी शांतता पसरली की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मी उठून खिडकीचा दुसरा पडदा सारला. काका मान जरा कलती करून बसले होते. एखाद्या मागाचा आवाज तपासताना ते असेच बसत असतील, असं मला वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी कुठेतरी चपला वाजल्या. मला त्या कुणाच्याही चपलांसारख्याच वाटल्या. काकांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डाव्या हातानं दारापलीकडे दाखवलं आणि मला बातमी द्यावी तसं म्हणाले, "तोर्नो."

नो आखूड आणि ठोस.

फाटकाची कडी वाजली. काकू पायरीवर आल्या, पदरानं मान पुसत आत शिरल्या, आणि काकांनी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी त्यांच्याकडे बघून. काकूंचा चेहरा तसाच मिटला जसा मी प्रत्येक वेळी पाहत आले होते.

मग माझ्या लक्षात आलं. एवढे आठवडे हे चाललं होतं. काकू बाजारातून आल्या की, गिरणीतून आल्या की, स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या की. त्या येतात तेव्हाच तो शब्द येतो, म्हणून त्यांना वाटे दिवसभर तोच चाललाय. त्या नसताना काका काय बोलतात हे त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. लीनाचा फोनही त्याच लावत, खोलीत येऊन, काकांच्या पुढे धरत.

"काकू, बसा," मी म्हटलं. "ते तुम्हाला काय म्हणतायत, कळलंय मला."

"मलाही कळलंय."

"नाही. ते 'जातो' म्हणत नाहीयेत. 'आली' म्हणतायत."

मी दस्तूरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जोर, वजन, सिसिली, सगळं. घाईत माझं थोडं वरखाली झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. एका शब्दात एवढं कुठं असतंय?"

मी काकांजवळ खुर्ची ओढली आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. मान हलवायला सांगायची नव्हती, मानेचा भरवसा नव्हता. आधी मी मागच्या खेपेसारखे ठोके दिले, पहिला जड, दुसरा हलका, आणि त्यांच्या छातीकडे बोट दाखवत म्हटलं, "तोर्-नो." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हात ओढून घेतला. मी थांबले. मग पुन्हा हात घेतला. पहिला हलका, दुसरा जड. काकूंकडे बोट दाखवलं. "तोर्-नो."

काकांनी माझा हात सोडला. कष्टानं पुढे झुकून त्यांनी काकूंचं मनगट पकडलं आणि त्यांना स्वतःच्या बाजूच्या स्टुलाकडे ओढलं. काकू बसल्या. मनगट त्यांनी सोडलं नाही.

काकूंच्या साडीला कारखान्यातला कापूस लागला होता, काका तो दोन बोटांनी वेचून काढू लागले. एक वेचला, दुसरा वेचला. मग काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"आणि मी मेली यांचे कपडे भरून ठेवले बॅगेत," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वीज आली, माग सुरू झाले, आणि त्या खडखडाटात लीनाला फोन झाला. लीना पहिल्यांदा मानेना. मग मी तिला दोन्ही उच्चार एकामागून एक म्हणून दाखवले. पलीकडे ती स्वतःशीच ते पुटपुटत राहिली, आणि म्हणाली, आत्याकडे सगळे असंच बोलायचे, दारातून कुणी आलं की असंच ओरडायचे, मी लहान होते, मला वाटायचं तो हाक मारायचा शब्द आहे. काकूंनी फोन माझ्याकडून घेतला आणि तिला सांगितलं, की ये तू दिवाळीला, फराळाला ये, बाकीचं मग बघू.

फोन ठेवल्यावर काकूंनी मला विचारलं, "याला उत्तर काय द्यायचं असतं?"

मला येत नव्हतं. दस्तूरबाईंना विचारावं लागलं. 'मी आले' म्हणायचं तर तोर्नाइ, त्या म्हणाल्या, पण सांभाळ, तुकडे दोनच आहेत. ना आणि इ वेगळे करायचे नाहीत, एका दमात घ्यायचे.

मी ते काकूंना शिकवलं. त्या दिवशी त्या मुद्दाम परसदारानं बाहेर पडल्या, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आल्या. काकांनी आपला शब्द म्हटला. काकू उंबऱ्यात थांबल्या, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारख्या, आणि म्हणाल्या, "तोर्-ना-ई."

काकांनी डोळे मिचकावले. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. मग ते हसू लागले. सबंध अंग हलेपर्यंत, आवाज न करता हसले. त्यांनी डावा हात पुढे केला, काकू जवळ आल्या, आणि त्यांनी काकूंच्या तळहातावर दोन ठोके दिले. एक हलका, एक जड. काकू पुन्हा तीन तुकड्यांत म्हणाल्या. त्यांनी पुन्हा दोन ठोके दिले. दुसऱ्याच्या वेळी बोटं जराशी घसरवली, इ कसा सरकतो ते दाखवायला.

"ना-ई नव्हे काकू," मी म्हटलं, "आपण 'नाइ' म्हणतो ना, येत नाइ, जात नाइ, तसं."

"तोर्नाइ," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांचा तळहात मिटवून दिला.

त्यानंतर माझं काम सोपं झालं असं नाही, पण दार उघडलं होतं. गावाकडच्या बोलीच्या वाटेनं काका हळूहळू बोलते होऊ लागले. पाण्यासाठीचा शब्द आला, भाकरी मागायला शिकले, एकदा शेजारच्या मागाचा आवाज ऐकून त्यांनी भेटायला आलेल्या बाळासाहेबांना 'तेल' असं इटालियनमध्ये सांगितलं आणि खरोखरच तेल संपलेलं निघालं. मराठी मात्र परत येत नव्हती. काकूंना त्याची फारशी फिकीर उरली नव्हती. त्यांनी माझ्याकडून बरीच रूपं शिकून घेतली, जोरासकट, आणि स्वयंपाक करता करता पोळपाटावर लाटण्यानं त्यांचे तुकडे वाजवायच्या.

दिवाळी झाली, थंडी गेली. उन्हाळ्याच्या आधी लीनानं पुन्हा तिकिटं काढली. यावेळी तिघांची, आणि परतीसकट. आत्याला भाऊ बघायचा होता, काकांनाही बहीण बघायची होती, त्यात शंका नव्हती. निघताना काकूंनी बॅगेत भाकरीचं पीठ आणि कोल्हापुरी चटणी भरली. मला म्हणाल्या, तिकडचं कसलंतरी सपक खाऊन यांची तब्येत उतरायची.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला. मी दवाखान्यात होते, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात. पलीकडून भांड्यांचा आवाज, कुणाचंतरी जोरजोरात इटालियन, आणि काकूंचा आवाज त्या सगळ्याच्या वरच्या पट्टीत. घर छान आहे, समोर समुद्र दिसतो, नणंद प्रेमळ आहे पण भाजीला मीठच घालत नाही. काका कसे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, "बरे आहेत. काल बोलले."

"काय बोलले?"

"काल जेवताना अगातावन्संनी यांचा हात धरला आणि विचारलं, राहतोस का इथं माझ्यापाशी. एवढं मला कळलं. लीना बाहेर गेली होती. मी म्हटलं, आता हे काय म्हणतात. तर यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'घरी चल.'"

"मराठीत?"

"मराठीत. चक्क. 'घरी चल.'" मागे कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी काहीतरी एका शब्दाचं उत्तर दिलं, जोर नीट जागेवर टाकून. "वन्संना काहीच कळलं नाही. त्या मला विचारायला लागल्या, काय म्हणाला, काय म्हणाला माझा भाऊ."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? बिचारीचे डोळे भरले होते," इंदूकाकू म्हणाल्या. "मी सांगितलं, अजून थोडा भात वाढा म्हणतायत."